उकिरड्यावरच्या किड्याचं बारसं

पोसादा 'एल गायितो',
ला नेब्लीना
१९ ऑगस्ट

तीर्थस्वरूप ओल्मेदोदादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. पवित्र मरियामाता तुला, तार्हेलियावहिनींना आणि तुझ्या फळांच्या वखारीला सुखात ठेवो. तुझा हर्निया कसा आहे? पट्टा खरंच बांधतोस, की वहिनींसमोर बांधून बाजारात गेलास की सोडतोस आणि केळ्यांच्या घडांमागे लपवतोस? (मला सगळं कळतं. सांतो दोमिंगोच्या बसचा ड्रायव्हर फार बोलका माणूस आहे.) वहिनींनी पाठवलेल्या गुळाच्या ढेपा पोचल्या, एक फुटलेली होती, ती ड्रायव्हरनेच फोडली असणार. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. क्षेम काहीही नाही.

परवा तू त्याच बसबरोबर चिठ्ठी पाठवलीस : 'अभिनंदन! तुझा उकिरडा पेपरात आला.' खाली वहिनींनी एक हसरं तोंड काढलंय. दादा, तू माझा थोरला भाऊ. आबदोन मला विधवा करून गेले तेव्हा तूच मला म्हणालास की पाहुणे उतरवायची ही पोसादा विकू नकोस, चालव, तुझ्या हाताला चव आहे. एकोणीस वर्षं चालवली. दारावर स्वच्छतेची पितळी पाटी आहे, सरकारी आहे, दर शनिवारी लिंबाने घासते. आणि तुला अभिनंदन करावंसं वाटलं ते उकिरड्याचं! फोनवर तुला चांगलं सुनावलं असतं, पण फोन स्वयंपाकघरात आहे आणि तिथे निंफा असते. निंफासमोर हा विषय काढायची आता सोय राहिलेली नाही. का, ते पुढे येईलच.

तर गेल्या वर्षी याच महिन्यात कीतोहून ती हासिंता येपेस आली. तिशीची, काडीसारखी, तीन थाळ्या जेवणारी, आणि बरोबर सूक्ष्मदर्शकाची एवढी मोठी पेटी. वहीत नाव लिहिताना 'डॉक्टर' लिहिलं. ते वाचून निंफाने लगेच बाही वर करून कोपरावरचं गळू दाखवलं. पोरगी म्हणाली, "मावशी, मी किड्यांची डॉक्टर आहे." निंफा म्हणाली, "मग तर आमच्याकडे तुमचं फारच काम आहे." (पाहुण्यांसमोर! माझ्या पोसादात! त्याच दिवशी तिला काढायला हवी होती. पण अकरा वर्षं झाली, आणि तिच्यासारखी केळ्याची भजी मला स्वतःलाही जमत नाहीत.)

हासिंता रोज पहाटे वरच्या जंगलात जायची आणि चिंब भिजून परत यायची. दोन आठवडे झाले तरी नवीन काही मिळेना. जे मिळे ते म्हणे दीडशे वर्षांपूर्वीच कुणीतरी लिहून ठेवलेलं. पंधराव्या दिवशी ओढ्यात पाय घसरला, घोटा सुजला, आणि मी दया येऊन तिला स्वयंपाकघराच्या मागच्या दारात पाय बादलीत घालून बसवलं. दया कुणाची करू नये दादा. अर्ध्या तासाने अशी किंकाळी आली की निंफा साप समजून झाडू घेऊन धावली. मी जाऊन बघते तर ही बया उकिरड्यासमोर पालथी पडलेली, नाक पपईच्या सालीला टेकलेलं, आणि ओरडतेय, "हलू नका! कुणीही हलू नका!" मी म्हटलं, "अगं, काय चावलं?" तर म्हणे, "काकू, हा कुणाचाच नाही!"

कुणाचाच नाही म्हणजे आजवर कुणी लिहिलेलाच नाही असा भुंगेरा. तूही पाहिला असशील तसला प्रकार : बोटाच्या पेराएवढा, लांबडा, पंख इतके आखूड की जणू लहान भावाची बंडी चढवलीय आणि सगळं पोट बाहेर. डिवचलं की शेपटी विंचवासारखी वर करून धावतो. आपण लहानपणी चपलेने मारायचो. मी तेव्हाही चप्पल काढली होती. हासिंताने माझा हात धरला. काय जोर होता त्या काडीत!

मग माझं जेवणाचं टेबल गेलं. खोलीत उजेड नाही म्हणून खिडकीजवळचं मोठं टेबल, जिथे आठ माणसं बसतात, ते किड्याला. पाहुणे मांडीवर थाळ्या घेऊन जेवले. माझी सर्वांत बारीक सुई गेली, अंडं ठेवायची चिनी मातीची वाटी गेली (आबदोनच्या आईची होती), आणि मी समोर बसून विचारलं की बाई, वर्णन करायचं म्हणजे किती करायचं? ती म्हणाली, "सगळंच, काकू. डोक्यावर खळगे किती, मानेवर केस किती, कुठला सांधा लांब, कुठला आखूड. तो दुसरा कुणीही नाही, तोच आहे, हे सिद्ध व्हायला हवं." चार दिवस ती एका किड्याची मान मोजत होती. आमच्या आबदोनचं वर्णन कुणी मागितलं असतं तर मी एका ओळीत दिलं असतं. आणि शेवटी काय, तर हे सगळं मोजूनही भागत नाही! म्हणे खरी ओळख नराच्या गुप्त भागावरून पटते. तोही तिने काढला, सुईने, माझ्या सुईने, आणि पाच बाजूंनी त्याची चित्रं काढली, प्रत्येक चित्र कच्च्या केळ्याएवढं. चित्रं वाळत ठेवून बया झोपायला गेली. दुपारी इबाराहून दोन नन्स जेवायला आल्या. त्यातली वयस्कर होती ती फार कौतुकाने म्हणाली, "किती नाजूक रेषा! कुठल्या फुलाची कळी आहे ही?" मी तोंड उघडायच्या आत निंफाने सांगून टाकलं. सूप अर्धं टाकून गेल्या दादा.

एक गोष्ट कबूल करते, पण वहिनींना वाचून दाखवू नकोस. एका दुपारी हासिंता म्हणाली, "काकू, एकदा या भिंगातून बघा तरी." मी डोळा लावला. डोकं हिरवं, पण कसलं हिरवं! हमिंगबर्डच्या गळ्यावर ऊन पडतं तसं, त्यावर जिथे तिथे बारीक खळगे, जणू सोनाराने ठोकलेले. शेपटीचं टोक नारिंगी. मी बराच वेळ बघत राहिले. एवढं सुंदर काही माझ्या मागच्या दारात अकरा वर्षं फिरत होतं आणि मी चपलेने मारत होते. पण तिने विचारलं, "कसा वाटला?" तेव्हा मी म्हटलं, "घाणेरडा आहे." मान वर करून असं का बोलले ते मला अजून कळलेलं नाही.

आता विल्फ्रिदोचं ऐक. विल्फ्रिदो तापिया, खालच्या वळणावर ज्याने गुलाबी रंगाचं हॉटेल बांधलंय आणि जो यंदा ग्रामसभेचा अध्यक्ष झालाय. गेल्या वर्षी हासिंता इथे असतानाच तो 'पाहणी' करायला आला. (कसली पाहणी? माझ्याकडे पाहुणे किती ते मोजायला.) मी गावात नव्हते. निंफाने पाहुणचार म्हणून आपली घरची उसाची दारू ओतली. पण हासिंताचं स्पिरिट संपलं होतं, म्हणून तिने माझ्या दारूच्या एका बाटलीत आपले आठ भुंगेरे बुडवून ठेवले होते, आणि बाटली ठेवली होती इतर बाटल्यांच्या रांगेत! विल्फ्रिदोने दोन पेले रिचवले. म्हणाला, "वा, निंफाबाई, यंदाच्या दारूत काहीतरी दम आहे." तिसऱ्या पेल्यात त्याला पाय दिसले. हासिंता लंगडत धावत आली आणि बाटली उजेडात धरून मोजायला लागली. विल्फ्रिदो खिडकीतून ओकायचा प्रयत्न करतोय आणि ही त्याच्या पाठीवर थापटत विचारतेय, "साहेब, आठातले सहाच उरलेत. चावून गिळलेत की अख्खे?" दोन अख्खे गेले होते. पुढे छापलेल्या लेखातही तसं आहे, मी स्वतः पाहिलं : 'आठ नमुने, त्यांपैकी दोन अपघाताने नष्ट.' त्या दिवसापासून तो माझ्या वाईटावर आहे. जणू मीच भरवले!

जायच्या आदल्या दिवशी हासिंता माझ्यासमोर येऊन उभी राहिली, चांगले कपडे वगैरे घालून. म्हणाली, "काकू, नव्या किड्याला नाव द्यायचा मान माझा. मला तुमचं द्यायचंय. एतेल्विनाए. लॅटिनमध्ये असंच होतं." दादा, मी काय करायला हवं होतं सांग. आपलं हे नाव आईच्या आईचं. ते उकिरड्यावर अळ्या खाणाऱ्या किड्याला? मी म्हटलं, "माझं नाव पितळी पाटीवर आहे, तिथेच बरं आहे. आणि अळ्यांचा उल्लेख करू नकोस." ती म्हणाली, "पण काकू, तो अळ्यांसाठीच तर येतो. तो घाण खात नाही, घाणीतल्या अळ्या खातो." मी म्हटलं, "म्हणजे माझ्या घाणीत अळ्या आहेत हे तू जगाला सांगणार?" तिने वही मिटली. मला वाटलं, समजली.

जूनमध्ये छापील लेख आला. बावीस पानं. सापडल्याचं ठिकाण म्हणून लिहिलंय : 'पोसादा एल गायितो, स्वयंपाकघरामागील कुजक्या केळ्यापपयांचा ढीग, माश्यांच्या अळ्या विपुल.' विपुल! एकोणीस वर्षांत कुणी माझ्या भाताबद्दल विपुल म्हटलं नाही. आणि नाव? नाव दिलंय निंफाए! का, तर निंफा अकरा वर्षं, मी खड्डा दाखवलेला असताना, आळसाने सालं तिथेच टाकत राहिली, म्हणून तो किडा तिथे वसला, शिवाय आठांतले चार तिने सूप वाढायच्या डावाने पकडून दिले. माझं न ऐकण्याचं बक्षीस, लॅटिनमध्ये! त्या पानाला तिने चौकट करून ती चुलीवर टांगलीय, शेजारी संत अंतोनी. मी म्हटलं, कांदा चिर, तर म्हणते, "चिरते. पण बाई, माझ्या नावाचा किडा आहे. तुमच्या नावाचं काय आहे?" मी म्हटलं, "पाटी आहे!" ती म्हणाली, "पाटी तुम्हाला दर शनिवारी घासावी लागते."

आता सांग, अशा बाईसमोर तुझ्याशी फोनवर काय बोलू?

विल्फ्रिदोने लेखाची प्रत कुठून पैदा केली देव जाणे. रविवारच्या मिसानंतर, लोक चर्चच्या पायऱ्या उतरत असताना, त्याने ग्रामसभेच्या भोंग्यावरून ती ओळ वाचून दाखवली. अळ्यांशी जरा थांबला, पाणी प्याला, आणि परत वाचली. "अभिमानाची गोष्ट आहे," म्हणाला, "की आपल्या गावातली घाण आता विज्ञानाला ज्ञात आहे." सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्याच आठवड्यात लॉसबाग कुटुंबाने लग्नाच्या वऱ्हाडासाठी घेतलेल्या सहा खोल्या सोडल्या. मुलीच्या आईने स्पष्ट सांगितलं नाही, पण ती सारखी आपल्या थाळीकडे बघत होती.

मी काय केलं असेन? जी कुठलीही अब्रूदार बाई करील ते. कंबर कसली, दोन मजूर लावले, अख्खा उकिरडा उचलून लांब दरीत टाकला, जमीन खरवडली, वर चुना मारला, आणि तिथे पांढऱ्या लिलींच्या कुंड्या ठेवल्या. हासिंता तेव्हा परत आली होती (आणखी तीन महिन्यांसाठी, त्याच खोलीत). ती मागच्या दारात उभी राहून चुन्याकडे बघत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "काकू, जगात त्याची एवढीच जागा माहीत होती." मला वाईट वाटलं. मग राग आला की मला वाईट का वाटावं. मग मी तिला तिसरी थाळी वाढली.

चुना मारून सहा दिवस झाले नसतील, तोच जर्मनीहून पत्र आलं. सात माणसं, सगळी किड्यांची शौकीन, म्हातारी आणि चांगल्या पोशाखातली (फोटो पाठवलाय). त्यांना या भुंगेऱ्याचं जन्मस्थान बघायचंय, फक्त बघायचंय, आणि त्यासाठी दहा दिवस राहायचंय. सगळ्या खोल्या, तिन्ही वेळचं जेवण. येत्या शनिवारी दाखल. पेपरवाल्याला याचीच बातमी लागली, आणि तुला ती वाचून हसू आलं.

आणि हे कळल्याबरोबर विल्फ्रिदोचं काय झालं असेल! ज्याने मला भर चौकात घाणेरडी ठरवलं, तो फीत घेऊन माझ्या मागच्या अंगणात. इकडून मोजतो, तिकडून मोजतो, आणि जाहीर करतो की उकिरड्याचा अर्ध्याहून जास्त भाग ग्रामसभेच्या जमिनीवर होता, सबब उकिरडा सार्वजनिक आहे. मी म्हटलं, "अध्यक्षसाहेब, रविवारी तो माझा होता!" तो म्हणाला, "एतेल्विनाबाई, घाण तुमची, वारसा गावाचा." दुसऱ्या दिवशी वळणावर पाटी : 'जगप्रसिद्ध भुंगेऱ्याचं जन्मस्थान', आणि बाण त्याच्या गुलाबी हॉटेलाकडे! तिथे त्याने स्वतःच्या परसात नवा ढीग रचायला घेतलाय. दादा, त्या ढिगात एक साल खऱ्या अर्थाने कुजलेली नाही. ताजी केळी टाकतो तो, ताजी! वर ताडपत्री, पाऊस लागू नये म्हणून. उकिरडा कसा करतात याची ज्याला अक्कल नाही, तो जर्मन माणसांना उकिरडा दाखवणार, आणि माझी अकरा वर्षांची मेहनत (बरं, निंफाची) दरीत.

मला या सगळ्याची इतकी शिसारी आलीय की काय सांगू. मी बाई आयुष्यभर स्वच्छ राहिले, यापुढेही स्वच्छच राहणार. पाहुणे आले काय, न आले काय. किड्याचं नाव या घरात कुणी काढू नये असं मी कालच बजावलंय. तूही पुन्हा अभिनंदन बिभिनंदन लिहू नकोस. वहिनींना नमस्कार, नातवंडांना पापे, हर्नियाला पट्टा.

तुझी धाकटी बहीण,
एतेल्विना

ता. क. पत्र बंद करताना आठवलं. तुझ्या वखारीत मागच्या बाजूला जी पपई आणि केळी फेकायला काढतोस, त्याच्या सहा पेट्या बुधवारच्या बसने पाठव. अगदी तळातल्या. पाणी गळणाऱ्या. अळ्या असल्या पाहिजेत, नसतील तर पाठवूच नकोस, आणि कृपा करून वहिनींना त्या धुऊ देऊ नकोस. हासिंता म्हणते की दरीत किडे अजून आहेत, नुसता वास यायला हवा, रात्रीतून उडत येतील. चुना मी खरवडून काढलाय, कुंड्या हलवल्या. ड्रायव्हरला सांग, औषधी माल आहे, टपावर बांध, आणि बघू नकोस. सोमवारी विल्फ्रिदोचा माणूस तुझ्या बाजारात याच कामासाठी येणार आहे अशी खबर आहे. त्याला फक्त उत्तम, ताजा, टवटवीत माल दाखव.

दुसरा ता. क. परवा हासिंताला आपल्या डुकरांच्या खोपटामागे, ओल्या घाणीत, आणखी एक सापडला. अगदी वेगळा, डोकं तांबूस, टोक पिवळं. या वेळी तिने नावाबद्दल मला काहीही विचारलं नाही, मागचं मनात असावं. आणि निंफा काल तिच्याशी फार गोड बोलत होती, तिला बहीण आहे एक, हर्मेलिंदा नावाची. म्हणून लिहिते. माझ्या शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी नावात चुकीचं अक्षर घातलंय हे तुला माहीत आहे, आणि हासिंता म्हणते की एकदा छापलेलं नाव जगबुडीपर्यंत बदलत नाही. खरं स्पेलिंग बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर आहे, आणि तो आईच्या ट्रंकेत, तुझ्या पलंगाखाली. बुधवारच्या बसने तोही पाठव. पेट्यांबरोबरच पाठव, पण वेगळ्या पिशवीत.